लोण कुठवर पोचले?

काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना एकच वाक्य पुनःपुन्हा समोर येऊ लागले. साहित्यातील कोणत्याशा चळवळीचे 'लोण' पुढे इतर प्रांतांत पोचले, असे ते वाक्य होते. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकातून ते जसेच्या तसे उतरले असणार हे उघड होते. पुढच्या तासाला मी वर्गात विचारले, की लोण म्हणजे काय? वर्ग गप्प. कुणी 'लोंढा' म्हणाले, कुणी दबक्या आवाजात 'लोणी' म्हणून पाहिले. शेवटच्या बाकावर बसणारा एक मुलगा, जो एरवी हजेरीपुरताच बोलतो, तो उठून म्हणाला, "मॅडम, समोरचे सातही गडी बाद झाले की लोण बसतो. दोन गुण जादा मिळतात." वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण त्या दिवशी वर्गात त्या शब्दाचा अर्थ ठाऊक असलेला तो एकटाच होता.

त्याचा लोण पुल्लिंगी होता, मार्गदर्शकातले नपुंसकलिंगी. खेळाडूंच्या तोंडी आणि वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर 'पहिला लोण दिला' असे म्हणतात. अग्रलेखात मात्र 'चळवळीचे लोण'. एकाच शब्दाचे लिंग मैदानावर एक आणि छापील गद्यात दुसरे असावे, यातच त्याच्या प्रवासाची खूण आहे. या दोहोंच्या मागे एक तिसरा, जुना खेळ उभा आहे. आट्यापाट्यांत जमिनीवर आडव्या पाट्या आखतात, मधून एक उभी सूरपाटी काढतात, प्रत्येक पाटीवर अडवणारा एक गडी ठेवतात. दुसऱ्या पक्षाने त्यांना हुलकावण्या देत शेवटच्या पाटीपलीकडे जायचे आणि पुन्हा सगळ्या पाट्या ओलांडून परत यायचे. परतणारा गडी रिकाम्या हाताने येत नाही, तो लोण घेऊन येतो. लोण म्हणजे लवण, मीठ. कोकणातले मीठ घाटावर आणताना नाकी चुकवणाऱ्या माणसांची आठवण या खेळात मुरली असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे. ते वाटणेच, पण ज्या खेळात वाट अडवणारे आणि वाट काढणारे एवढेच दोन पक्ष आहेत आणि ज्यातले बक्षीस मीठ आहे, तो खेळ वाड्यातल्या कुणी रचलेला नसावा, एवढे म्हणायला हरकत नाही.

आपल्या संतांना हे खेळ पाठ होते. तुकोबांच्या गाथेत हमामा, हुतुतू, हुंबरी, विटीदांडू, चेंडूफळी अशा खेळांवरची अभंगांची प्रकरणे आहेत; नाथांनीही खेळांवर रूपके केली. आपण ती वर्गात 'रूपकात्मकता' म्हणून शिकवतो, परमार्थ समजावतो आणि खेळ सोडून देतो. तुकोबांच्या श्रोत्याला परमार्थ समजावून घ्यावा लागत असेल. हुतुतू समजावून घ्यावा लागत नव्हता. आज नेमके उलटे झाले आहे.

मात्र या लेखाचा विषय खेळ हा नाही, खेळाचे मंडळ हा आहे. खेळ शतकानुशतके असतात. मंडळ ही आधुनिक गोष्ट आहे. तिला स्थापनेची तारीख असते, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार असतात, वर्गणीचे पावतीपुस्तक असते, आणि बहुतेक वेळा स्थापनेनंतर तीन वर्षांत एक फूटही असते. गल्लीतला खेळ मंडळाचा होतो तेव्हा नेमके काय घडते, हा प्रश्न माझ्यापुढे आला तो एका आयरिश वाटेने, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना ती वाट अनोळखी वाटू नये.

जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'मध्ये (१९२२) दारूच्या गुत्त्यात बसून राष्ट्राच्या गौरवाच्या आणि परक्यांच्या द्वेषाच्या गोष्टी सांगणारा एक अरेराव इसम आहे. त्याला नाव नाही. सगळे त्याला नुसते 'नागरिक' म्हणतात. जॉइसने हे पात्र ज्या माणसावरून बेतले असे मानतात, तो मायकेल क्यूसॅक हा खरोखरचा शाळामास्तर होता. १८४७ मध्ये क्लेअर परगण्यात जन्मलेला आणि डब्लिनमध्ये स्पर्धापरीक्षांसाठी मुले तयार करणारी शिकवणी चालवणारा. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी परगण्यातील थर्ल्स या गावी, हेज नावाच्या हॉटेलात, त्याने मूठभर माणसांची बैठक बोलावली आणि आयर्लंडचे देशी खेळ जगवण्यासाठी एक संस्था काढली. तीच गेलिक ॲथलेटिक असोसिएशन. मॉरिस डॅव्हिन हा नामवंत खेळाडू तिचा अध्यक्ष झाला, कॅशेलचे आर्चबिशप क्रोक आश्रयदाते झाले. क्रोक यांनी लिहिलेले स्वीकृतीचे पत्र प्रसिद्ध आहे. इंग्रजी खेळ, इंग्रजी कपडे, इंग्रजी चालीरीती यांच्या नादी लागून आपण आपल्या गोष्टींची लाज बाळगू लागलो आहोत, हे त्यातले दुखणे. चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'चा वाचक या सुराशी चांगलाच परिचित आहे.

गेलिक फुटबॉल हा खेळ आपल्याकडे कुणी पाहिलेला नसतो, म्हणून दोन शब्द. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. चेंडू हाताने झेलता येतो, हाताने ठोसून देता येतो, पायाने मारता येतो, मात्र उचलून पळत सुटता येत नाही. काही पावलांनंतर तो जमिनीवर आपटावा किंवा पायाच्या बोटांवरून पुन्हा हाती घ्यावा लागतो. गोलाचे खांब इंग्रजी 'एच' अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. (२०२५ पासून लांबून मारलेल्या चेंडूला दोन गुण देऊ लागले आहेत, आणि त्यावर तिकडे बराच वाद झाला.) या खेळाचे लिखित नियम १८८५ चे. त्याआधी तो होता, पण गावोगावी निराळा. गडी किती, मैदान केवढे, धक्काबुक्की कुठवर चालेल, हे ज्याचे त्याचे.

या संस्थेचा पाया ठरला तो पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीची वस्ती. एक पॅरिश, एक क्लब. ज्या वस्तीत जन्मलात त्या वस्तीच्या क्लबकडून खेळायचे. खेळाडूला वेतन नाही. आजही नाही: डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ब्याऐंशी हजार प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळणारा गडी सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला किंवा शेतावर जातो. क्लबांना नावे दिली ती संतांची आणि फासावर गेलेल्या बंडखोरांची. आपल्याकडच्या हनुमान, बजरंग, समर्थ, शिवाजी या नावांच्या मंडळांची यादी डोळ्यांपुढे आणा. भक्ती आणि बंड यांची हीच जोडगोळी तिथे दिसेल.

संस्थेचे पुढचे चरित्र मात्र गुळगुळीत नाही. क्यूसॅकला दोन वर्षांच्या आतच चिटणीसपदावरून दूर करण्यात आले. त्याचा स्वभाव भांडखोर होता आणि पत्रव्यवहार तुंबला होता. संस्थापकाला संस्थेबाहेर काढण्याची कला ही आपलीच मिरास आहे असे मला आजवर वाटत होते. पुढे १८८७ मध्ये गुप्त क्रांतिकारी गट आणि धर्मगुरू यांच्यात संस्थेच्या ताब्यावरून जुंपली. १८९० नंतर पार्नेलच्या प्रकरणाने देशच दुभंगला तेव्हा क्लब ओस पडले. तरी संस्था तगली. मग २१ नोव्हेंबर १९२० चा रविवार आला. त्या सकाळी डब्लिनमध्ये ब्रिटिश गुप्तहेरांच्या हत्या झाल्या होत्या. दुपारी क्रोक पार्कमध्ये डब्लिन आणि टिपररी यांचा फुटबॉल सामना चालू असताना सरकारी दलाने मैदानात शिरून गोळीबार केला. चौदा माणसे मेली. त्यांत टिपररीचा खेळाडू मायकेल होगन होता. मैदानातल्या एका प्रेक्षागाराला आज त्याचे नाव आहे. खेळाचे मैदान त्या दिवशी राष्ट्राचे तीर्थ झाले, आणि तीर्थाला सोवळेही आलेच. परके खेळ खेळणाऱ्या किंवा पाहणाऱ्या सदस्याला काढून टाकण्याचा नियम १९७१ पर्यंत टिकला. क्रोक पार्कवर रग्बीसारखे परके खेळ होऊ देण्यास २००५ मध्ये मान्यता मिळाली, आणि २४ फेब्रुवारी २००७ रोजी इंग्लंडचा रग्बी संघ तिथे उतरला.

एवढे सविस्तर सांगण्याचे कारण हे, की आपल्याकडची हकिकत याच आरशात नीट दिसते. जिथे साम्य आहे तिथे, आणि जिथे ते तुटते तिथेही.

पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना स्थापन झाला. नावातला 'जिमखाना' हा शब्दच मुळी वसाहतीत जन्मलेला संकर. पुण्यात आज ते नाव घेतले की आधी बसथांबा आठवतो. पण खोखोचे पहिले लिखित नियम याच संस्थेने १९१४ च्या सुमारास केले. त्याच संस्थेच्या मैदानावर खेड्यांतून आलेली मुले अनवाणी लांब पल्ल्याच्या शर्यती धावत. दोराबजी टाटांना ती धाव पाहून वाटले, की यांना ऑलिंपिकला पाठवले पाहिजे. त्यातून १९२० च्या अँटवर्पला भारतीय चमू गेला आणि बेळगावकडच्या फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा क्रमांक मिळवला. दुसरे केंद्र बडोदे. हुतुतूच्या नियमांची जुळणी होऊन १९२३ मध्ये तिथे अखिल भारतीय म्हणावी अशी स्पर्धा झाली. १९२४ मध्ये खोखोचे नियम तिथे नव्याने बांधले गेले. आणि व्यायाम व खेळ यांविषयी जे जे मराठीत ठाऊक होते ते सगळे दहा खंडांत गोळा करणारा 'व्यायाम ज्ञानकोश' १९३६ पासून बडोद्यानेच काढला, द. चिं. मुजुमदारांच्या संपादनाखाली. केतकरांच्या ज्ञानकोशाची नावे पाठ करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे दहा खंड ठाऊक नसतात. आपल्यालाही फारसे नसतात. तिसरे केंद्र अमरावती: १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी उभारलेले हनुमान आखाड्याचे काम, जे पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून वाढले. या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिक उत्सवात कबड्डीची आणि मल्लखांबाची प्रात्यक्षिके करून दाखवली. देशी खेळ जगाच्या अंगणात पहिल्यांदा उतरले ते नाझींच्या मांडवात, हा इतिहासाचा तिरकस विनोद.

नियम लिहिणे हे वरवर निरुपद्रवी काम दिसते. मराठीच्या शिक्षकाला ते तसे वाटू नये. दादोबा पांडुरंगांनी व्याकरण लिहिले तेव्हा मराठीचे जे झाले, तेच नियम छापले गेले तेव्हा हुतुतूचे झाले. गावोगावच्या तऱ्हांतली एक प्रमाण ठरली. बाद झालेला गडी पुन्हा उठतो ती संजीवनी, सगळे बाद होईपर्यंत जो उठत नाही ती गामिनी, बाद कुणी होतच नाही ती अमर. यांतली संजीवनी मुख्य झाली, बाकीच्या बोलीभाषांसारख्या मागे राहिल्या. मग देशभराची स्पर्धा म्हटल्यावर देशभराचे नाव आले. तामिळनाडूत चेडुगुडू, बंगालमध्ये हाडुडू, आपल्याकडे हुतुतू. यांतले कुठलेच न राहता 'कबड्डी' राहिले. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, १९५५ पासून महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या, १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत खेळाला प्रवेश मिळाला. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी या कामात आयुष्य घातले; त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. आपण आपल्या खेळाचे नाव सोडले. पण एक गंमत राहून गेली: आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात, इराणचा आणि कोरियाचा खेळाडू जे वाचतो त्यात, सातही गडी बाद करण्याला 'लोना' म्हणतात. नाव गेले आणि मीठ राहिले.

आता आरसा जिथे तडकतो ती जागा. आयर्लंडमध्ये इंग्रजी खेळ हाच परका होता, त्यामुळे देशी खेळाला शत्रू सोपा होता. मुंबईत गोष्ट अधिक गुंतागुंतीची. तिथे क्रिकेटची मंडळे धर्मावर उभी राहिली: पारशी जिमखाना १८८५, इस्लाम जिमखाना १८९२, हिंदू जिमखाना १८९४. चौरंगी आणि पंचरंगी सामने धर्मवार संघांचे होते आणि ते १९४६ पर्यंत चालले. त्या तुलनेत हुतुतू आणि कुस्ती हे खेळ वस्तीचे, चाळीचे, पेठेचे. म्हणून ते अधिक मोकळे होते असे म्हणण्याचा मोह होतो. तो पुरता खरा नाही. देशी खेळांची चळवळ चालवणारे बहुतेक पुढारी शहरी आणि उच्चवर्णीय होते, त्यांच्या मनातला 'देश' पुष्कळदा हिंदू देश होता, आणि आखाड्याच्या दारातल्या मारुतीपाशी कुणी यायचे व कुणी यायचे नाही याचे न लिहिलेले नियम लिहिलेल्या नियमांहून कडक होते. हे सांगितल्याशिवाय या संस्थांचा गौरव करण्यात अर्थ नाही.

पण हेही सांगितले पाहिजे. बडोद्यात राजरत्न प्रा. माणिकराव यांनी ज्या व्यायाममंदिरातून हजारो शिष्य घडवले, कवायतीच्या इंग्रजी आज्ञांच्या जागी देशी आज्ञा रुजवल्या, त्या संस्थेला त्यांनी ना देवाचे नाव दिले ना राजाचे. दिले ते आपल्या उस्तादांचे: जुम्मादादा व्यायाममंदिर. उस्ताद मुसलमान, शिष्य हिंदू, आणि पाटीवर नाव उस्तादाचे. आयर्लंडमध्ये याची जोड आहे. गेलिक फुटबॉलचे सर्वोच्च पदक म्हणजे १९२८ पासून दिला जाणारा सॅम मॅग्वायर चषक. कॅथलिकांच्या या बालेकिल्ल्यातील चषकाला ज्याचे नाव आहे तो कॉर्ककडचा सॅम मॅग्वायर प्रोटेस्टंट होता. संस्था ज्या माणसांनी बनतात त्यांची स्मृती कधीकधी संस्थेच्या विचारसरणीहून मोठी असते.

जुम्मादादांचे नाव मालेगावात उच्चारताना मला आणखी एक शब्द आठवतो. तालीम. नदीच्या अलीकडे मराठीत तालीम म्हणजे लाल मातीचा हौद, तेल, जोर-बैठका, पहाटेचा घाम. नदीपलीकडे उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, शाळा, इल्म. अरबी शब्द एकच. उस्ताद, पहिलवान, कुस्ती, खलिफा, ही सगळी शब्दकळा मराठीने फारसी-अरबीतून घेतली आणि तिच्यावर इतका घाम गाळला की ती आता कुणाला परकी वाटत नाही. भाषाशुद्धीवाल्यांनी 'व्यायामशाळा' आणि 'मल्लविद्या' हे शब्द आणले. ते पाटीवर गेले. बोलण्यात तालीमच राहिली.

मालेगाव हे मोसम आणि गिरणा या नद्यांचे गाव. नारो शंकर राजेबहाद्दरांनी १७४० च्या सुमारास बांधलेला भुईकोट इथे आहे. १८१८ च्या मे-जून महिन्यांत त्यातल्या अरब शिबंदीने ब्रिटिश फौजेला जवळजवळ महिनाभर झुंजवले. पराभवानंतर इथे छावणी पडली, म्हणून गावाच्या एका भागाला आजही सारे 'कॅम्प' म्हणतात. १८५७ नंतर उत्तरेतून, मऊ-आझमगड-बनारसकडून, मोमीन विणकर मोठ्या संख्येने आले. हातमाग आले, मागाहून यंत्रमाग आले. या गावाचे घड्याळ मागावर चालते: बारा-बारा तासांच्या पाळ्या, आणि सुट्टी शुक्रवारी. खेळाचा इतिहास लिहायला बसलो तर पहिला प्रश्न हाच पडतो, की बारा तास मागापुढे उभा राहिलेला माणूस कधी खेळतो, कुठे खेळतो आणि काय खेळतो? शुक्रवारी तो सिनेमा पाहतो, हे आता साऱ्या जगाला ठाऊक झाले आहे. मालेगावच्या सिनेमावेडावर २००८ मध्ये माहितीपट झाला, २०२४ मध्ये हिंदी चित्रपटही झाला. खेळाच्या वेडावर कुणी काही केलेले नाही.

क्रोक पार्कच्या गोळीबारानंतर पाच महिन्यांनी, २५ एप्रिल १९२१ रोजी, मालेगावात दंगल पेटली. खिलाफतीच्या स्वयंसेवकांनी मनाई असताना हत्यारे बाळगली म्हणून त्यांना शिक्षा झाल्या, जमाव भडकला, जाळपोळ झाली, भास्करराव भट्टे हे पोलीस अधिकारी मारले गेले. गांधींनी 'यंग इंडिया'त या हिंसेचा कडक निषेध केला. पुढे काही जणांना येरवड्यात फाशी झाली. दोन घटना सारख्या नाहीत. डब्लिनला दलाने प्रेक्षक मारले, मालेगावला जमावाने अधिकारी मारला. पण दोन्हीकडे सरकारला भीती वाटली ती रांगेत चालणाऱ्या, कसरतीने अंग कमावलेल्या, एका हुकमावर वळणाऱ्या तरुणांची. खेळाचे मंडळ आणि स्वयंसेवकांचे पथक यांच्यामधली रेषा त्या काळात फक्कीने आखल्याइतकीच पक्की होती. त्या वर्षांत पोलिसांच्या वह्यांत आखाड्यांची नोंद होई ती याच कारणाने, आणि आज अभ्यासकाला आखाड्यांविषयी जे लिखित सापडते ते बरेचसे पोलिसांचेच असते.

कारण मंडळे स्वतः लिहीत नाहीत. आयर्लंडमध्ये दोन हजारांहून अधिक क्लब आहेत, आणि शताब्दी झाली की क्लबने आपला जाडजूड इतिहास छापायचा ही तिथली रीतच झाली आहे. लिहिणारा बहुधा निवृत्त शिक्षक. त्यात कुठल्या साली कोणाशी हरलो, कोण अमेरिकेला गेला, मैदानासाठी जमीन कुणी दिली, कोणत्या सामन्यात पाऊस पडला, सगळे असते. महाराष्ट्रात यातले फारच थोडे आहे. लालबाग-परळच्या चाळींतून कबड्डीची जी मंडळे उभी राहिली, ज्यांच्या खेळाडूंना गिरण्यांनी, रेल्वेने, बँकांनी नोकऱ्या दिल्या, त्यांचा इतिहास म्हणजे गिरणगावाचा अर्धा इतिहास. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या गेल्या, त्यांचे संघ गेले, चाळी गेल्या. २०१४ मध्ये व्यावसायिक लीग आली, मॅटवर दिव्यांचा झगमगाट झाला, खेळाडूंच्या हाती पैसा आला. त्याचा मला आनंदच आहे. पैसे न घेता खेळण्याचे आयरिश व्रत मागावर बारा तास उभ्या राहणाऱ्याच्या मुलाला सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पण लीगचे संघ शहरांच्या नावाचे आणि मालकांचे असतात. त्यांना वस्ती नसते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खोखोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. त्या आठवड्यात मी वर्गात विचारले, तर खोखो खेळलेल्या मुली पुष्कळ निघाल्या. मंडळात खेळलेली एकही नाही. शाळेनंतर मुलींच्या खेळाला जागा राहत नाही. आयर्लंडच्या बायकांनी १९७४ मध्ये त्याच थर्ल्समध्ये, त्याच हेज हॉटेलात, आपली वेगळी फुटबॉल संघटना काढली. नव्वद वर्षे थांबून.

एका जुन्या मंडळाची कागदपत्रे पाहायला मी तालुक्यातल्या एका गावी गेले होते. लोखंडी कपाटाची किल्ली सापडायला दीड तास लागला. कपाटात ढाली होत्या, मोडका करंडक होता, एक नवा ध्वनिक्षेपक होता. वह्या? त्या सभामंडपाला रंग दिला तेव्हा रद्दीत गेल्या, असे विद्यमान पदाधिकाऱ्यांनी चहा देता देता सांगितले. त्यांना त्यात काही गैर वाटले नव्हते, आणि मला रागावण्याचा अधिकार नव्हता. आम्ही मराठीचे प्राध्यापक तीस वर्षे या तालुक्यात शिकवतो आहोत. त्या वह्या साहित्य आहेत, असे त्यांना कधी कुणी सांगितले होते?

नंतर मी प्रकल्पाचा विषय बदलला. कवींच्या सूचीऐवजी विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीतल्या, गावातल्या एका तालमीचा किंवा मंडळाचा वृत्तान्त लिहून आणायचा; किमान तीन म्हाताऱ्यांशी बोलायचे, त्यांत एक बाई हवी. नदीपलीकडच्या दोन मुलींनी प्रामाणिक शंका काढली, की तालीम म्हणजे मदरसाही चालेल का? मी म्हटले, चालेल. लिखाण जे आले त्यात बरेचसे फुकाचे होते, 'आमच्या मंडळाने अनेक यश संपादन केले' या धर्तीचे. पण एकाने आजोबांच्या तोंडून सहा पाने उतरवून आणली होती: यात्रेतल्या फडावर कुस्ती सुटली नाही म्हणून दोन गावांत पडलेली फूट, आणि ती मिटवायला दोघांनाही मान्य होईल असा पंच शोधत शहरातल्या एका वृद्ध उस्तादांकडे गेलेली माणसे. त्यातला प्रत्येक संवाद अहिराणीत होता. मी एक अक्षर दुरुस्त केले नाही.

शेवटच्या बाकावरचा तो मुलगा उशिरा आला, मुदत टळून गेल्यावर. वृत्तान्त त्याने लिहिलाच नव्हता. त्याऐवजी त्याच्या मंडळाची एक शंभर पानी वही त्याने पुढे ठेवली, कडा उंदरांनी कुरतडलेली. सभांचे ठराव नव्हते, सामन्यांचे निकाल नव्हते. नुसता जमाखर्च होता. नावापुढे वर्गणी, नावापुढे वर्गणी, अधूनमधून एखाद्या नावापुढे 'बाकी'. मग खर्चाच्या बाजूला: पंचांचा चहा, एक शिट्टी, टिंक्चर आयोडीन, नारळ, आणि फक्की, दोन गोण्या.